पडायची शिकवणी

मिस्त्रींनी आयुष्यभर एकच काळजी वाहिली: काही पडू नये. एकेचाळीस वर्षं त्यांनी लिफ्टच्या कंपनीत काढली. कधी वर मशीनच्या खोलीत, कधी खाली खड्ड्यात, आणि बोटांना कायम ग्रीस. कुठेही गेले तरी लोक त्यांना एकच विचारायचे, "मिस्त्री, दोर तुटला तर हो?" आणि मिस्त्री दर वेळी तितक्याच गंभीरपणे सांगायचे की दोर तुटला तरी लिफ्ट पडत नाही, तिच्या बुडाशी दोन जबडे असतात, वेग वाढला की ते रुळांना करकचून धरतात. "पकड शाबूत आहे तोवर काही पडत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लिफ्टच्या बाबतीत ते खरंच होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी तेच बायकोला लावलं, आणि गाडं तिथे अडलं.

बायको त्यांच्याहून चार वर्षांनी लहान, एकाहत्तरची. कोर्टात टायपिस्ट होती. बोटं भरभर चालायची, तोंड बेताने. आठ महिन्यांपूर्वी पोस्टाच्या पायऱ्यांवर ती पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. पायऱ्या तीनच होत्या, पण हाड मोडायला एकही पुरते. प्लास्टर निघालं त्या दिवशी मिस्त्रींनी हत्यारांची पेटी उघडली. न्हाणीघरात तीन दांड्या, संडासात दोन, पलंगाशी एक, ओट्याला एक लांबलचक आडवी. गालिचा गुंडाळून माळ्यावर गेला. वरच्या फळीवरचे डबे कमरेच्या उंचीला आले. घरात पाऊल टाकलं की बसमध्ये चढल्यासारखं वाटायचं. शेजारीण म्हणाली, "आता फक्त कंडक्टर हवा." बायको म्हणाली, "तो आहे की."

आणि तो होताच. बायको उठली की मिस्त्री उठायचे. ती न्हाणीघरात गेली की हे दाराबाहेर उभे, दर दोन मिनिटांनी "झालं का गं?" बाहेर पडताना तिचा उजवा कोपर यांच्या डाव्या मुठीत. रस्त्यातले लोक कौतुकाने बघायचे, या वयात किती जपतात बायकोला. मिस्त्रींना ते कौतुक आवडायचं, आणि नेमकी त्याच वेळी त्यांची मूठ आणखी आवळायची.

त्या आवळण्याचं कारण लेकीचा फोन. लेक दुसऱ्या गावी राहते, बोलायला आईपेक्षा फटकळ. मनगट मोडलं तेव्हाच तिने सांगून टाकलं होतं, "बाबा, आई आणखी एकदा पडली तर मी तिला इकडे घेऊन येणार. माझ्याकडे एक छोटी खोली आहे, तिच्यात एक पलंग मावतो."

"आणि मी?" मिस्त्रींनी विचारलं.

लेक म्हणाली, "तुमचं बघू."

हे दोन शब्द मिस्त्रींच्या मनात रुतले ते रुतलेच. एकावन्न वर्षांच्या संसारात हा माणूस सलग आठ दिवस एकटा राहिला नव्हता. स्वतःच्या चहात साखर किती लागते हे बायकोला माहीत, यांना नाही. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी घरात दुसरं कुणी नाही, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की ते उठून बायको कुठे आहे ते बघून यायचे. म्हणून ते आणखी घट्ट धरायचे. बायकोच्या कोपरावर बोटांचे निळे वळ उठायचे, ती लांब बाह्यांचे कपडे घालायला लागली.

अशा माणसाला एका सकाळी बायकोने चहा ओतता ओतता सांगितलं, "मी पडायला शिकायला जाणार आहे."

मनगटाचा व्यायाम करून घेणाऱ्या मुलीने तिला पत्ता दिला होता. व्यायामशाळेच्या मागच्या हॉलमध्ये एक ज्युडोच्या कोचबाई म्हाताऱ्या माणसांना पडायला शिकवत. सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी दहा ते अकरा, आठ आठवडे. मिस्त्रींनी आधी हसून बघितलं, मग रागावून बघितलं, मग काकुळतीला आले. "अगं, आग लागू नये म्हणून कुणी काडी ओढून बघतं का?" बायको म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा. बघू नका." तिचं एकदा ठरलं की ठरलं.

हॉल लांबट होता, खिडक्या उंचावर, जमिनीवर निळ्या गाद्या एकमेकींना घट्ट चिकटवलेल्या, आणि रबराचा, घामाचा जुना वास. कोचबाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, एक कान चुरगळलेला. अंगावर पांढरा जाड पोशाख, कमरेचा काळा पट्टा टोकांना झिजलेला. समोर सात-आठ म्हातारी माणसं अनवाणी उभी होती. सोबत आलेले भिंतीलगतच्या बाकावर. बाकावर मिस्त्री सर्वांत टोकाला बसले, दाराजवळ.

"इथे कुणी न पडायला शिकायला आलं असेल तर ते चुकीच्या दारात शिरलंय," कोचबाई म्हणाल्या. "पडणार तुम्ही सगळेच. कसं पडायचं एवढंच मी सांगणार."

या बाईला कुणी माणसं सांभाळायला देतं कसं, असं मिस्त्रींना वाटलं.

त्या वर्गाची एक रीत होती. नव्या माणसाने आपण कसे पडलो ते सगळ्यांसमोर सांगायचं: पाय कुठला गेला, हातात काय होतं, जमिनीला आधी काय लागलं. सुरुवात एका निवृत्त पोस्टमनने केली. ऐंशीचा, तुरतुरीत म्हातारा. "पस्तीस वर्षं लोकांच्या कुत्र्यांपुढे पळालो, कधी पडलो नाही. निवृत्त झालो आणि घरच्याच कुत्र्याच्या साखळीत पाय अडकला. हातात साखळी. आधी नाक लागलं."

"साखळी का नाही सोडली?" कोचबाईंनी विचारलं.

"कुत्रा पळाला असता ना."

"मग?"

पोस्टमनने विचार केला. "नाक वाचलं असतं."

सगळे हसले. कोचबाई हसल्या नाहीत. "पडताना माणूस हातातलं सोडत नाही," त्या म्हणाल्या. "पिशवी, साखळी, कपबशी, शेजारचा माणूस. जे धरलंय ते वाचवत तर नाहीच, वर हात अडकवून ठेवतं. हात मोकळा असेल तरच तो तुमच्या कामाचा."

मग मिस्त्रींच्या बायकोची पाळी आली. ती म्हणाली, "मला नीट आठवत नाही."

बाकावरून मिस्त्री बोलले, कुणी विचारलं नसताना. "पायरीवरून पाय घसरला हिचा. मी धरलेलं होतं म्हणून मनगटावर निभावलं."

कोचबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ, आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. मिस्त्री दाराकडे बघायला लागले.

कारण ते खोटं होतं. पोस्टाच्या पायऱ्यांवर बायकोचा पाय घसरलाच नव्हता. मिस्त्रींच्या डाव्या पायाचा तळवा दोन-अडीच वर्षांपासून बधिर होत चालला होता. चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही, चार पावलांवर मागे पडलेली दिसायची. सकाळी पलंगावरून उतरताना ते आधी पाय जागेवर आहे का ते डोळ्यांनी बघायचे. त्या दिवशी त्याच चपलेचं टोक पायरीला अडलं, मिस्त्री पुढे गेले, आणि मुठीत बायकोचा कोपर असल्यामुळे तिला घेऊन गेले. ती खाली, हे वर. तिचं मनगट मोडलं, यांना ओरखडासुद्धा नाही. लोक धावले, त्यांतलं कुणीतरी म्हणालं, "काकू घसरल्या वाटतं." मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं, "हो."

एवढंच. एक "हो". पण एकदा म्हटल्यावर तो परत घ्यायचा कसा? तोच "हो" लेकीला सांगून झाला, डॉक्टरला सांगून झाला, शेजारणीला सांगून झाला. बायको काही बोलली नाही. तिला आठवत नसावं अशी त्यांनी मनाची समजूत घातली, आणि आता तर तिने चारचौघांत तसं सांगितलंच होतं. सुटलो म्हणावं तर सुटल्यासारखं वाटेना. पायाचं लेकीला कळलं तर ती काय म्हणेल? आईला तर नेईलच, आणि या खोटारड्या म्हाताऱ्याचं बघायलाही कुणी येणार नाही.

शिकवणी सुरू झाली. पहिले दोन आठवडे सगळे नुसते पाठीवर पडून. हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ गोल ठेवायची. दोन्ही हात बाजूला, तळवे खाली, गादीवर सपकन मारायचे म्हणजे मार हातावर वाटला जातो. तिसऱ्या आठवड्यात उकिडवं बसून मागे लोळायचं. मग खुर्चीवरून. पाचव्या आठवड्यात उभ्याने: गुडघे वाकवायचे, बूड टाचांपाशी न्यायचं, आणि लोळायचं. तळहात मागे टेकायचा नाही, टेकला की मनगट गेलं. सपकन, सपकन, असा आवाज हॉलभर उठायचा. कोचबाई रांगेतून फिरत म्हणायच्या, "हनुवटी. हनुवटी. पोस्टमन, छताला पत्र टाकायचं नाहीये, हनुवटी."

मिस्त्री बाकावर डोळे मिटून बसायचे. पण कान कसे मिटणार? त्या सपकन आवाजांत बायकोचा कुठला ते त्यांना ओळखू यायला लागलं, आणि दर आवाजाला ते बाकाची कड घट्ट धरायचे. घरी येईपर्यंत ते थकून जायचे. बायको मात्र ताठ होत चालली होती. ओट्याची दांडी ती आता धरत नव्हती, तिच्यावर हातपुसणं वाळत घालत होती.

एक गोष्ट मिस्त्रींना कळत नव्हती. वर्ग सुटून बाकीचे बूट घालायला लागले की बायको दहा मिनिटं मागे राहायची. कोपऱ्यात कोचबाई तिला पाठीवर झोपवायच्या आणि माणसाएवढा चिंध्या भरलेला एक सरावाचा पुतळा तिच्या अंगावर ढकलायच्या. ती कूस वळवायची, खांदा काढून घ्यायची आणि डावीकडे लोळून बाहेर. पुन्हा पुतळा, पुन्हा डावीकडे. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मिस्त्री बाकावरून अर्धे उठले होते.

"ते धूड कशाला अंगावर घेतेस?" त्यांनी घरी विचारलं.

"सवय असावी," बायको म्हणाली आणि भांडी विसळायला लागली.

सातव्या आठवड्याच्या शेवटी कोचबाई बाकासमोर येऊन उभ्या राहिल्या. "पुढच्या गुरुवारी शेवटचा वर्ग. त्या दिवशी मी कुणाला हात लावणार नाही. जो घेऊन आलाय त्याने ढकलायचं."

बाकावर चुळबुळ झाली. पोस्टमनची सून तोंडावर हात ठेवून हसली. बरेच दिवस मनात असावं.

"यांना पडता येतं आता," कोचबाई म्हणाल्या. "तुम्हाला ते बघता येत नाही. घरी पाऊल टाकलं की तुम्ही यांना परत धरून ठेवणार, आणि माझे आठ आठवडे पाण्यात. म्हणून तुमच्याच हातांनी ढकलायचं. बाही धरायची, छातीवर तळवा ठेवायचा, ढकलायचं आणि बाही सोडायची. सोडायची हे विसरू नका."

तो आठवडा मिस्त्रींनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. बायको ओट्याशी पाठमोरी उभी असली की तिच्या पाठीकडे बघत बसायचे. आपला तळवा तिच्या छातीवर आहे आणि ती मागे जाते आहे, हे नको नको म्हणताना दिसायचं. सोमवारी ते कोचबाईंना गाठून म्हणाले, "माझ्याकडून होणार नाही. दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

"मग मुलीला बोलवा."

लेकीला या शिकवणीचा पत्ताच नव्हता.

"कसली भीती वाटते?" कोचबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"ती मोडेल," मिस्त्री म्हणाले. ते खरं होतं, फक्त पुरतं खरं नव्हतं.

गुरुवार उजाडला. गादीवर जायचं म्हणजे बूट-मोजे काढायचे. मिस्त्रींनी डावा मोजा काढला तर तो अंगठ्याखाली चिकटलेला. तळव्याला लाल, ओली जखम होती. बुटात एक बारीक खिळा वर आला होता, किती दिवसांपासून कोण जाणे. दुखलं असतं तर कळलं असतं. त्यांनी पाय पटकन आत वळवला आणि बोटांवर भार देत गादीवर गेले. गादी मऊ होती. बधिर पायाला मऊ गादी म्हणजे आधीच अंधार, त्यात डोळे बांधलेले. आपण कशावर उभे आहोत तेच त्यांना समजेना.

पोस्टमनच्या सुनेने सासऱ्याला असं झटक्यात ढकललं की म्हातारा लोळून पुन्हा उठून बसला आणि म्हणाला, "जुना हिशेब चुकता झाला." सगळा हॉल हसला. मिस्त्रींच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मग ते आणि बायको समोरासमोर उभे राहिले. तिच्या अंगावर जाड पांढरा अंगरखा, मापाने मोठा. त्यांनी सवयीने डाव्या मुठीत तिची उजवी बाही धरली आणि उजवा तळवा तिच्या छातीवर ठेवला. खाली तिचं काळीज संथ चाललं होतं. यांचं कानात वाजत होतं.

"मी तीन म्हणाले की," कोचबाई म्हणाल्या. "ढकला आणि सोडा."

बायको त्यांच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती आणि धीर देणंही नव्हतं. ती त्यांच्या पायांकडे बघून घेत होती.

"एक. दोन. तीन."

मिस्त्रींनी ढकललं. बायको गुडघ्यांत वाकली, हनुवटी छातीला लागली, ती मागे निघाली, आणि मिस्त्रींची मूठ उघडली नाही. उघड, उघड, असं ते मनात ओरडत होते, मूठ ऐकेना. जबडे मिटावेत तशी मिटलेली. बाही ताणली गेली, तिच्या वजनाने ते पुढे ओढले गेले, डावा पाय पुढे टाकायचा तर पाय कुठे आहे ते कळलं नाही, आणि पंच्याहत्तर वर्षांचा, चांगला भरलेला माणूस बायकोच्या अंगावर कोसळायला निघाला. ती खाली, आपण वर. पोस्टाच्या पायऱ्या तशाच्या तशा समोर आल्या. आता ही मरते, एवढंच त्यांच्या मनात आलं.

पण ती तिथे नव्हती. पाठ गादीला लागली न लागली तोच तिने मनगट पिळून बाही सोडवली, खांदा काढला आणि डावीकडे लोळून गेली. मिस्त्री रिकाम्या गादीवर आले, उजवा हात ताठ पुढे रोवून. खांद्याजवळ कडकन आवाज झाला, तो हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेला.

बायको उठून बसली होती. केस विस्कटलेले, बाकी जिथल्या तिथे.

"हलू नका," ती म्हणाली. ती गुडघ्यांवर रांगत त्यांच्यापाशी आली.

हॉस्पिटलमध्ये फोटो काढला. उजव्या खांद्यापासचं गळ्याचं हाड मोडलं होतं. हात झोळीत बांधून झाल्यावर तरुण डॉक्टरची नजर मिस्त्रींच्या तळव्यावरच्या जखमेकडे गेली. "हे कधीपासून?"

"कुठे काय," मिस्त्री म्हणाले.

डॉक्टरने त्यांना झोपवलं आणि एक बोथट सुई घेतली. "डोळे मिटा. टोचलेलं कळलं की हो म्हणा."

मिस्त्रींनी डोळे मिटले. बायको भिंतीशी स्टुलावर बसली होती; तिचा श्वास ऐकू येत होता. उजव्या पायाला टोचलं, ते "हो" म्हणाले. पुन्हा टोचलं, "हो." मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. आता डावा चालू असणार. गप्प राहिलो तर गेलो. त्यांनी अंदाजाने म्हटलं, "हो." थोडं थांबून पुन्हा, "हो."

"काका," डॉक्टर म्हणाला, "डाव्या पायाला मी अजून हात लावला नाही."

मिस्त्रींनी डोळे उघडलेच नाहीत. उघडून बघायचं कुणाकडे? डॉक्टर जखम धुऊन, पट्टी बांधून, रक्ताच्या तपासण्या लिहून बाहेर गेला. खोलीत दोघंच राहिली.

"पोस्टात तुमची चप्पल अडकली होती," बायको म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत."

डोळे न उघडताच मिस्त्री म्हणाले, "मग बोलली का नाहीस?"

"चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडू? घरी येऊन सांगाल म्हटलं. आज सांगाल, उद्या सांगाल. तुम्ही दांड्या ठोकत बसलात." राग तिला सहसा यायचा नाही, आला की आवाज आणखी खाली जायचा. "मी कुठे पडत होते हो? तुम्ही पडत होतात. रोज. बाजारात, जिन्यात, फुटपाथवर. दर वेळी माझ्या कोपराने तुम्हाला सावरलं. लोक म्हणायचे किती जपतात."

"मला भीती वाटायची."

"मला वाटत नव्हती?" ती म्हणाली. "तुम्ही अंगावर आलात तर या खेपेला मनगटावर भागणार नाही, हे मला रोज दिसत होतं. सांगून तुम्ही सोडणाऱ्यातले नाही. म्हणून शिकायला गेले. पडायला दोन आठवडे पुरले असते. बाकीचे सहा तुमच्याखालून निघायला गेले."

मिस्त्री रडले. या वयात रडण्याची काही लाज राहत नाही, पण एक हात झोळीत आणि दुसऱ्यात डॉक्टरची चिठ्ठी, डोळे पुसायचीही पंचाईत. बायकोने पुसले नाहीत. ती बसून राहिली.

तेवढ्यात तिच्या पिशवीत फोन वाजला. दुपारचा लेकीचा ठरलेला फोन. बायकोने नाव बघितलं आणि फोन मिस्त्रींच्या पुढे धरला.

आयुष्यात ते लिफ्टच्या एकशेदहा फूट खोल पोकळीच्या तोंडाशी उभे राहून काम करत आले होते, पण हातातली चिठ्ठी उशाशी ठेवून तो फोन घ्यायला त्यांना वेळ लागला. आता बोललो की ती आईला नेणार. नाही बोललो तर ही समोर बसली आहे.

"हॅलो आई?"

"मी बोलतोय," मिस्त्री म्हणाले. "मी पडलोय. हाड मोडलंय खांद्याजवळचं. आणि पोस्टात आई पडली नव्हती, मी पडलो होतो. तिला घेऊन पडलो. माझा डावा पाय मला कळत नाही, अडीच वर्षं झाली."

लेक म्हणाली, "आईला द्या."

बायकोने फोन घेतला. बराच वेळ ती फक्त ऐकत होती. "हो," ती म्हणाली. "हो, खोटं बोलले. मला ठाऊक होतं. नाही, मी येणार नाही. ये तू शनिवारी, बोलू, पण खोली आवरत बसू नकोस." फोन पिशवीत टाकून ती उठली. "चला. कोचबाई टॅक्सी घेऊन खाली थांबल्यात. हाड जुळलं की पुढच्या तुकडीत तुमचं नाव घातलंय त्यांनी."

"मला नाही जमणार ते."

"नाही जमलं तर जाईन लेकीकडे," बायको म्हणाली. ती थट्टेत बोलली नव्हती, हे एकावन्न वर्षांच्या अनुभवावरून त्यांना कळलं.

हॉस्पिटलच्या दारातून रस्त्यावर उतरायला पाच पायऱ्या होत्या. डाव्या बाजूला लोखंडी कठडा. मिस्त्रींचा डावा हात आपोआप तिच्या कोपराकडे गेला. तिने कोपर काढून घेतला.

"कठडा धरा."

"अगं, पण तू..."

"दोघं पडलो तर उचलणार कोण?"

ती पायऱ्या उतरली, सावकाश, कशालाही न धरता, आणि खाली जाऊन त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली. दोन्ही हात मोकळे. मिस्त्री वर एकटेच राहिले. ये-जा करणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. त्यांनी कठडा धरला. झोळीतला खांदा ठणकत होता, आणि खालच्या त्या पाच पायऱ्यांइतकं खोल त्यांनी काही बघितलं नव्हतं. डावा पाय त्यांनी पुढे केला, खाली सोडला आणि वाट बघितली. पाय काहीच सांगेना.

"टेकला का गं?" त्यांनी विचारलं.

तिने वाकून नीट बघितलं.

"टेकला," ती खालून म्हणाली. "आता दुसरा."